जुना संगणक आणि लिनक्स

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. तुमच्या शाळेतील जुन्या यंत्रावर विंडोज ११ चालत नसेल, तर ते भंगारात घालण्याची घाई करू नका.

लिनक्स हा मुळात केवळ कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा होय. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये तो लिहावयास घेतला. या गाभ्याभोवती लेखनाची, चित्रांची, इंटरनेटची साधने बसवून जो तयार संच मिळतो त्यास डिस्ट्रिब्यूशन म्हणतात. असे संच शेकडो आहेत. माझे मत विचाराल, तर प्रथम लिनक्स मिंट घ्या. मेमरी ४ जीबीच असेल तर त्याचीच एक्सएफसीई आवृत्ती. उबुंटूही चांगली, पण ती अधिक मेमरी मागते.

संच एका रिकाम्या पेनड्राइव्हवर चढवा आणि संगणक त्यावरून सुरू करा. प्रणाली मेमरीत चालते, हार्डडिस्क तशीच राहते. म्हणून वाय-फाय, आवाज, प्रिंटर हे सारे आधी तपासता येते. पेनड्राइव्ह मंद असतो, तेव्हा या वेळच्या वेगावरून निकाल देऊ नका. पुढे कायमची बसवताना ‘डिस्क पुसा’ हा पर्याय निवडलात तर जुन्या फाइली खरोखरच जातात! प्रती आधी काढून ठेवा, आणि शिक्षकांना शेजारी बसवा.

अडलात तर जाणकारांना विचारा. आवृत्तीचे नाव, पडद्यावरचा संदेश जसाच्या तसा आणि त्यापूर्वी तुम्ही काय केलेत, एवढे सांगा. हे लोक बहुधा विनामोबदला वेळ देतात, आणि नेमक्या प्रश्नाला आनंदाने उत्तर देतात. मराठीचा इन्स्क्रिप्ट कळफलक मात्र विचारावा लागणार नाही. तो संचातच असतो, सेटिंगमध्ये जाऊन जोडा.