नोचेब्वेनाची टर्की : नाव, गणित आणि आच



डिसेंबर आला की वर्गात नाताळचा विषय निघतो आणि केक, चांदणी, सांताक्लॉज एवढ्यावर संपतो. यंदा मुलांना जरा मेक्सिकोच्या स्वयंपाकघरात नेऊन बघा. तिथे २४ डिसेंबरच्या रात्रीला 'नोचेब्वेना' म्हणतात, शब्दशः 'चांगली रात्र'. त्या रात्री उशिरा सगळं कुटुंब एकत्र जेवायला बसतं आणि अनेक घरांत टेबलाच्या मधोमध अख्खी भाजलेली टर्की असते. वर्गात शाकाहारी मुलं असणारच. त्यांना एवढंच सांगायचं, की आपल्याला हे शिजवायचं नाही, समजून घ्यायचंय.

सुरुवात नावापासून करावी, कारण मुलांना सगळ्यात जास्त मजा तिथेच येते. हा पक्षी मूळचा अमेरिका खंडातला, आणि मेक्सिकोच्या लोकांनी तो किमान दोन हजार वर्षांपूर्वीच पाळीव केला होता. १५१९ मध्ये स्पॅनिश सैन्य तिथे उतरलं, त्यानंतर तो युरोपात पोचला. मग सुरू झाला अंदाजांचा खेळ. इंग्रजांनी त्याचा संबंध तुर्कस्तानाशी जोडला, म्हणून 'टर्की'. तुर्की भाषेत त्याला 'हिंदी' म्हणतात, फ्रेंचमधला 'दँद' हा शब्दही मुळात 'भारताचा' या अर्थाचा, आणि पोर्तुगीजांनी नाव ठेवलं 'पेरू'! (आपल्या वर्गात इथे हशा पिकणार, पिकू द्या.) नकाशावर हे तीन देश दाखवायला सांगा. पक्ष्याचं घर त्यातल्या एकातही नाही.

स्पॅनिश लोकांची गंमत आणखी वेगळी. त्यांनी त्याला आपल्या ओळखीच्या मोराचं नाव दिलं, 'पावो'. मग खऱ्या मोराचं काय करायचं? त्याला 'पावो रेआल' म्हणजे राजेशाही पावो म्हणू लागले. आपल्या मोराचं शास्त्रीय नाव 'पावो क्रिस्टाटस' आहे, हे इथे जोडून सांगता येतं. मेक्सिकोत मात्र जुन्या नावात्ल भाषेतून आलेला 'ग्वाहोलोते' हा शब्द अजून जिवंत आहे. गावाकडच्या अंगणात फिरतो तो ग्वाहोलोते, नाताळात दुकानातून गोठवलेला येतो तो पावो. पक्षी तोच, पण कुठल्या शब्दाने हाक मारली यावरून घर बदलतं.

इतिहासाच्या शिक्षकांसाठी एक दुवा : १६१२ मध्ये गोव्याहून मुकर्रबखानाने जहांगीर बादशहाकडे हा पक्षी आणला. बादशहाने चकित होऊन त्याचं वर्णन लिहिलं आणि उस्ताद मन्सूरकडून चित्र काढून घेतलं.

आता गणित. गोठवलेली टर्की फ्रिजमध्येच सैल करायची, साधारण दोन किलोला एक दिवस या हिशेबाने. म्हणजे सहा किलोच्या पक्ष्याला तीन दिवस, आणि मसाला मुरायला एक रात्र. २४ तारखेला भाजायची तर फ्रीझरमधून कधी काढायची? मुलांना उलटं मोजू द्या. हमखास कोणीतरी विचारेल, ओट्यावर ठेवली तर लवकर नाही का होणार? होईल, पण बाहेरचं मांस कोमट होऊन त्यात जंतू वाढू लागतात तेव्हा मधे अजून बर्फच असतो. हे उत्तर पाठातल्या व्याख्येपेक्षा जास्त दिवस लक्षात राहतं.

मसाल्याला 'अदोबो' म्हणतात. आंचो आणि ग्वाहियो या दोन सुक्या मिरच्यांचे देठ-बिया काढून त्या तव्यावर किंचित भाजायच्या (करपल्या की कडू होतात), गरम पाण्यात भिजवायच्या आणि लसूण, कांदा, जिरं, लवंग, दालचिनी, व्हिनेगर, संत्र्याचा रस, मीठ घालून वाटायच्या. थोडक्यात, वाटणच. या मिरच्या आपल्या ब्याडगीसारख्या, रंगासाठी आणि वासासाठी. जाळ काढण्यासाठी नव्हेत. आणि मिरची मुळात तिकडूनच आपल्याकडे आली, हे सांगितलं की मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात. हे वाटण पक्ष्याला आतून-बाहेरून चोळतात. पोटात बऱ्याचदा बदाम, मनुका आणि ऑलिव्ह घालून परतलेला खिमा भरतात.

खरा धडा भट्टीत आहे. ओव्हन १६५ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवला, तर सहा किलोच्या भरलेल्या टर्कीला साडेतीन ते चार तास लागतात. छातीचं मांस आधी शिजतं आणि कोरडं पडतं, मांडीला जास्त उष्णता लागते. म्हणून छातीवर ॲल्युमिनियमचा कागद घालून ठेवतात आणि शेवटच्या पाऊण तासात काढतात. आता अडचण अशी, की अदोबो मुळातच लाल. कातडी सुरेख रंगली म्हणजे झालं, असं डोळ्यांना वाटतं आणि मांडीच्या सांध्यापाशी मांस कच्चं असू शकतं. त्या टेबलावर आजीही बसणार असते आणि दोन वर्षांचं नातवंडही. म्हणून रंगावर जायचं नाही, तापमापी खुपसून बघायची : छातीच्या सगळ्यात जाड भागात, मांडीच्या आत आणि भरलेल्या खिम्याच्या मध्यभागी, तिन्हीकडे ७४ अंश. हाडाला टेकवायची नाही, आकडा चुकतो. सातवी-आठवीच्या मुलांना उष्णतेचं वहन शिकवताना हे उदाहरण फळ्यावरच्या लोखंडी सळईपेक्षा मला जास्त उपयोगी वाटतं.

बाहेर काढल्यावर वीसेक मिनिटं तशीच ठेवायची. लगेच कापली तर रस ताटात वाहून जातो.

उरलेलं दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जातं. दुसऱ्या दिवसाच्या जेवणालाही तिकडे खास नाव आहे, 'रेकालेन्तादो', म्हणजे पुन्हा तापवलेलं. पावाचे दोन भाग करून त्यात टर्कीचे तुकडे आणि खालचा लाल रस्सा घालतात, त्याला 'तोर्ता' म्हणतात. कित्येकांना रात्रीच्या थाटापेक्षा हेच जास्त आवडतं. आपल्याकडे आदल्या दिवशीच्या आमटीबद्दल हेच म्हणणारे कोण कोण आहेत, ते वर्गात हात वर करायला सांगून बघा.