यहूदी लोकांचा साप्ताहिक पाठ

नित्यपाठाचे महत्त्व वारकऱ्यांना नव्याने सांगावयास नको. असाच एक पुरातन नेम यहूदी लोकांत आहे.

त्यांचा मूळ धर्मग्रंथ तोरा. तो पाच पुस्तकांचा असून वाचनासाठी त्याचे ५४ पाठ पाडले आहेत. पाठास हिब्रू भाषेत ‘पाराशा’ म्हणतात. दर शनिवारी, म्हणजे शब्बाथास, सकाळी प्रार्थनामंदिरात पाठ वाचावयाचा व वर्षभरात ग्रंथ पुरा करावयाचा. त्यांच्याही पंचांगात अधिक महिना असतो. तो नसेल त्या वर्षी शनिवार कमी पडतात, म्हणून काही पाठ जोडीने वाचतात.

पोथी चर्मपत्राच्या गुंडाळीवर हाताने लिहिलेली असते. तीत स्वरचिन्हे नसतात, म्हणून वाचणाऱ्याने आधी तयारी केलीच पाहिजे. चूक झाली तर ऐकणारे तिथल्या तिथे सुधारतात. शिवाय प्रत्येकाने घरी तो पाठ दोनदा मुळातून व एकदा भाषांतरातून वाचावा, असा दंडक आहे. नुसते कान देऊन भागत नाही!

पाठाचे नाव त्याच्या आरंभीच्या शब्दांवरून पडते. पहिला ‘बरेशीत’, म्हणजे ‘आरंभी’. तिसरा ‘लेख लखा’, म्हणजे ‘तू नीघ’. देव अब्राहामाला घरदार सोडून वाट धरावयास सांगतो. वाटेचे मोल वारकऱ्याला ठाऊकच आहे. ‘खय्ये सारा’ म्हणजे ‘सारेचे आयुष्य’. पण आत पाहावे तर तिचे मरण आणि दफन! ‘वयखी’ म्हणजे ‘आणि तो जगला’. त्यात याकोबाचा अंत आहे. नाव आरंभीच्या शब्दावरून पडले हे खरे, तरी विचार करणाऱ्याला बोध मिळतो : जगणे कसे होते, ते अंती कळते.

शेवटच्या पाठात मोशेचा मृत्यू आहे. तो ‘सिमहात तोरा’ या सणाला वाचतात आणि त्याच दिवशी लगेच ‘बरेशीत’ आरंभितात. समाप्ती अशी नाहीच.

आपल्या कोकणातले बेने इस्राएल याच धर्माचे. त्यांच्या परंपरेप्रमाणे पूर्वी त्यांच्यापाशी ग्रंथ उरला नव्हता. पण शनिवारी ते घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. पुढे १७९६ साली मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर झाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तर त्यांनी आपल्या धर्मकथांवर मराठीत कीर्तने रचली. १९४८ नंतर पुष्कळजण इस्राएलला गेले.

पोथी हरपली, पण वार सुटला नाही. म्हणून पोथी पुन्हा हाती आली. आपल्या घरी पोथी आहे. तेव्हा माउलींनो, रोजची ओवी चुकवू नका. रामकृष्णहरी!