चित्रकर्त्री बी. प्रभा

गेल्या वर्षी एलिमेंटरी ग्रेड परीक्षेचे फॉर्म भरून घेण्याचे काम आमच्याकडे होते. त्या वेळी बाहेरगावचे एक पालक आपल्या मुलीस घेऊन शाळेत आले. फॉर्मवर सही करण्यापूर्वी त्यांनी आम्हांस विचारले, "सर, पुढं इंटरमिजिएटला ए श्रेणी आली तर दहावीला सात मार्क वाढतात ना? मग तेवढ्यापुरतं काढू द्या तिला. चित्रं काढून काय पोट भरतंय?" मुलगी खाली मान घालून उभी होती. गृहस्थ सरळ मनाचे होते व त्यांचा प्रश्नही वावगा नव्हता. परंतु त्या घटकेस आम्हांस समर्पक उत्तर सुचले नाही. घरी जाता जाता ज्या एका बाईंचे नाव आठवले, त्यांची हकीकत आम्ही येथे विद्यार्थ्यांसाठी व त्यांच्या वडीलमंडळींसाठी लिहीत आहोत.

बी. प्रभा यांचा जन्म १९३३ साली नागपूरजवळील बेला या खेडेगावी झाला. नागपूरकडच्या काळ्या जमिनीत कापसाबरोबर जवसही पिकते, आणि चित्रकार ज्यांस तैलरंग म्हणतात ते बहुधा जवसाच्याच तेलात घोटलेले असतात. पुढे आयुष्यभर तैलरंगांत काम करणाऱ्या बाईंचा जन्म जवसाच्या मुलखात व्हावा हा योगायोग आम्हांस मौजेचा वाटतो, इतकेच. त्यावरून कोणी सिद्धांत काढू नये.

प्रभाबाईंचे चित्रकलेचे पहिले शिक्षण नागपूरच्या कलाशाळेत झाले. त्यांच्या आधी काही वर्षे सय्यद हैदर रझा हे पुढे जगप्रसिद्ध झालेले चित्रकारही त्याच शाळेत शिकून मग मुंबईस गेले होते. प्रभाबाईंनी तीच वाट धरली. मुंबईचे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झाले. तेथून त्यांनी १९५४-५५ साली चित्रकला व भित्तिचित्रण या विषयांतील पदविका घेतली. यांतील भित्तिचित्रण हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा. भिंतीवरचे चित्र मनुष्य दुरून पाहतो, चालता चालता पाहतो. त्यात बारीकसारीक कलाकुसर फुकट जाते; आकृती मोठी, मोजकी व ठसठशीत असावी लागते. प्रभाबाईंची पुढील चित्रे लहानशा कॅनव्हासवर असली तरी ती भिंतीवरून पाहावयाची असावीत अशा मोकळ्या अंगाने काढलेली दिसतात, त्याचे मूळ आमच्या मते या शिक्षणात आहे.

त्या काळी स्त्रियांनी चित्रकार होणे अगदीच अपूर्व होते असे नाही. अँजेला त्रिंदाद (१९०९-१९८०) व अंबिका धुरंधर (१९१२-२००९) या दोघी त्यांच्या आधीच्या पिढीत जे. जे. मध्येच शिकल्या. परंतु अँजेलाबाईंचे वडील आंतोनियो शाविएर त्रिंदाद व अंबिकाबाईंचे वडील रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर हे दोघेही नामांकित चित्रकार असून त्याच संस्थेत शिक्षक होते. रंगांचा वास ज्या घरात जन्मापासून येतो त्या घरातील मुलीस निदान कुंचला कसा धरावा हे दाराबाहेर जाऊन शिकावे लागत नाही. बेल्याच्या मुलीस हा लाभ कोठून असणार? शिवाय १९४७ साली मुंबईस प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रूप म्हणून जी नव्या चित्रकारांची मंडळी एकत्र आली, तिच्या सहा संस्थापकांत एकही स्त्री नव्हती. नव्या विचारांची माणसेही जुन्या सवयी बरोबर घेऊनच चालतात.

मुंबईत नवख्या चित्रकारास दिवस काढणे कठीण असते. प्रभाबाईंनाही सुरुवातीचे दिवस ओढगस्तीचेच गेले. परंतु विद्यार्थिदशेतच एका प्रदर्शनात त्यांची तीन चित्रे विकली गेली, आणि विकत घेणारे गृहस्थ साधे नव्हते. ते डॉ. होमी भाभा होते. अणुशास्त्रज्ञ म्हणून भाभांचे नाव आपल्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे. परंतु ते स्वतः उत्तम रेखाटने करीत, व १९४५ साली आपण स्थापन केलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या भिंतींसाठी नव्या भारतीय चित्रकारांची चित्रे मोठ्या साक्षेपाने जमवीत, हे पुष्कळांस ठाऊक नसते. ज्यास गणित येते त्याने चित्रकलेकडे ढुंकून पाहू नये असा जो एक समज आपल्या वर्गांत आढळतो, त्याने भाभांकडे पाहावे. प्रभाबाईंची चित्रे त्या संस्थेच्या संग्रहात आहेत.

१९५६ साल त्यांच्या आयुष्यात फार महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी शिल्पकार बी. विठ्ठल यांच्याशी त्यांचा विवाह झाला, व त्याच वर्षी उभयतांचे पहिले संयुक्त प्रदर्शन भरले. त्याच साली एअर इंडियाने आपल्या कचेऱ्या सजविण्यासाठी त्यांची सहा चित्रे घेतली. दर चित्रास साडेसत्याऐंशी रुपये पडले, म्हणजे त्या वेळच्या हिशेबाने सत्याऐंशी रुपये आठ आणे. कारण नवे पैसे १९५७ च्या एप्रिलपासून आले. सहा चित्रांचे पाचशेपंचवीस रुपये झाले. या सहा चित्रांपासून एअर इंडियाच्या चित्रसंग्रहास आरंभ झाला, आणि पुढे तो देशातील मोठ्या संग्रहांपैकी एक गणला जाऊ लागला. विमानाचे तिकीट काढण्यास परदेशच्या कचेरीत आलेल्या साहेबाने भिंतीकडे पाहावे, तर तेथे महाराष्ट्रातील खेड्याची बाई डोक्यावर ओझे घेऊन उभी!

कारण प्रभाबाईंच्या चित्रांचा विषय बहुतेक एकच, आणि तो म्हणजे कष्टकरी स्त्री. कोळीण, भाजी विकणारी, पाणी वाहणारी, पोर कडेवर घेऊन बसलेली. दुष्काळ, भूक, डोक्यावर छप्पर नसणे, हेही विषय त्यांनी हाताळले. त्यांच्या मनावर अमृता शेरगिल यांच्या चित्रांचा ठसा होता. शीख पिता व हंगेरियन माता यांच्या पोटी बुडापेस्ट येथे १९१३ साली जन्मलेल्या अमृताबाई पॅरिसला शिकून हिंदुस्थानात परतल्या, त्यांनी अजिंठ्याची लेणी पाहिली, खेड्यातील माणसे रंगविली, आणि १९४१ साली अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी लाहोर येथे त्यांचे देहावसान झाले. त्या वेळी प्रभाबाई आठ वर्षांच्या होत्या. दोघींची गाठ पडणे शक्यच नव्हते. परंतु चित्रकाराचा गुरू समोर असावाच लागतो असे नाही. दोघींत एक भेद मात्र आहे. अमृताबाई खेड्याकडे बाहेरून आल्या. प्रभाबाई खेड्यातूनच बाहेर आल्या.

आता ही चित्रे पाहावी कशी याविषयी थोडे सांगतो, कारण आमच्या चित्रकलेच्या विद्यार्थ्यांस ती प्रथम चुकीची वाटतात. परीक्षेसाठी आपण शिकतो की उभ्या मनुष्याची उंची त्याच्या डोक्याच्या सुमारे साडेसातपट धरावी. प्रभाबाईंच्या स्त्रिया या मापात बसत नाहीत. त्यांची मान लांब, हात लांब, बोटे लांब, सर्व देह जणू वरून कोणी ओढून धरला आहे. हे प्रमाण न कळल्यामुळे झालेले नाही. जे. जे. मध्ये प्रत्यक्ष मनुष्य समोर बसवून वर्षानुवर्षे रेखाटने करून घेतात. ज्यास नियम येतो तोच तो जाणूनबुजून मोडू शकतो. (आमच्या वर्गातील जी मुले नियम न शिकताच मोडतात त्यांनी हे वाक्य सोईस्करपणे उद्धृत करू नये.) इटलीतील मोदिल्यानी या चित्रकारानेही माना अशाच लांबविल्या आहेत. दुसरे असे की, त्यांच्या पुष्कळ चित्रांत एकच रंग सर्वांवर राज्य करतो. एखादे चित्र सबंध निळे, एखादे गेरूसारखे तांबूस. बाईचे लुगडे, मागचे आकाश, खालची जमीन, सर्व त्याच रंगाच्या निरनिराळ्या छटा. त्यामुळे बाई कोठे संपते व तिच्याभोवतीची हवा कोठे सुरू होते हे चटकन् सांगता येत नाही. एक रंग घेऊन सबंध चित्र पुरे करणे सोपे वाटते. ज्यास शंका असेल त्याने घरी करून पाहावे.

एके दिवशी आम्ही एका पुस्तकात छापलेले त्यांचे एक चित्र आमच्या मातोश्रींस दाखविले. पुढ्यात टोपली घेऊन बसलेली एक स्त्री त्यात आहे. आमच्या मातोश्री १९७२ च्या दुष्काळात सतरा वर्षांच्या होत्या. आपल्या जिल्ह्याचा पारनेर-पाथर्डी-जामखेडकडील भाग पर्जन्यछायेचा. त्या साली तेथे विहिरींचे तळ दिसू लागले, आणि हजारो माणसे सरकारी कामांवर खडी फोडावयास व पाझर तलाव खणावयास गेली. मातोश्रीही गेल्या. कामावर मिळणारी सुकडी व अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी यांच्या गोष्टी आम्ही लहानपणी त्यांच्या तोंडून ऐकलेल्या आहेत. त्यांनी चित्र हातात घेऊन पुष्कळ वेळ पाहिले व म्हणाल्या, "ही बसली हाय निवांत. आम्हाला कुठं बसाया मिळायचं? मुकादम वरडायचा." आम्ही पुस्तक मिटू लागलो, तोच त्यांनी हात धरला. "मान मात्र खरी हाय तिची. हांडा घेऊन दोन कोस चाललं का मान अशीच व्हती. खाली बघताच येत न्हाई."

त्या लांब मानेविषयी आम्ही जे काही वाचले होते त्यात हे नव्हते. चित्रकर्त्रीच्या मनात हेच होते असे आम्ही म्हणत नाही. परंतु ती मान केवळ शोभेसाठी लांबविली आहे असे आता आम्हांस म्हणवत नाही.

मातोश्रींचा पहिला आक्षेपही सोडून देण्याजोगा नाही. प्रभाबाईंच्या स्त्रिया देखण्या आहेत. भुकेलेली बाईही देखणी, घर नसलेलीही देखणी. खरी उपासमार अशी नसते. मग दारिद्र्यास सुंदर करून ते श्रीमंतांच्या दिवाणखान्यात टांगले, असे कोणी म्हटल्यास त्यास काय सांगावे? आमचे मत असे की, हा दोष काही चित्रांत आहे. पन्नासांहून अधिक प्रदर्शने ज्या कलावंताने भरविली त्याच्या हातून तीच तीच आकृती पुन्हा पुन्हा येणे, व मागणी असलेला माल तयार होणे, हे थोडेफार घडतेच. त्यांच्या कित्येक चित्रांत बाई तीच राहून लुगड्याचा रंग तेवढा बदलला आहे असे वाटते. परंतु जी चांगली चित्रे आहेत त्यांतील स्त्री आपल्याकडे दया मागत नाही. ती बहुधा आपल्याकडे पाहतही नाही. ती आपल्याच विचारात असते. बाजारात भाजीवालीशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालताना तिला काही विचार असतील ही गोष्ट आपल्यापैकी किती जणांच्या ध्यानी येते? दैन्य दाखविण्याच्या नादात कित्येक चित्रकारांनी गरिबाचे डोळे मोठे केले, बरगड्या मोजल्या. पण त्यास मन आहे हे दाखविले नाही. प्रभाबाईंनी बरगड्या मोजल्या नाहीत. थोडी गोडी अधिक झाली असेल, ती आम्ही क्षम्य समजतो.

बी. विठ्ठल १९९२ साली निवर्तले. प्रभाबाई २००१ साली. त्यांच्या पश्चात त्यांची चित्रे लिलावात लक्षावधी रुपयांस जातात. हे पैसे चित्रकर्त्रीस मिळत नाहीत, ज्याच्या भिंतीवर चित्र होते त्यास मिळतात, हेही पालकांस सांगणे आमचे कर्तव्य आहे. फॉर्म घेऊन आलेल्या त्या गृहस्थांस आज आम्ही असे उत्तर देऊ की, चित्रे काढून पोट भरते, प्रभाबाईंचे भरले, परंतु आरंभी सत्याऐंशी रुपये आठ आण्यांच्या हिशेबाने भरले, आणि त्यासाठी नागपूर व मुंबई अशा दोन ठिकाणी वर्षानुवर्षे शिकावे लागले. सात मार्कांच्या हिशेबात ते बसणार नाही. मुलीची तयारी आहे काय, हे तिलाच विचारावे. आमच्यासमोर ती काही बोलली नव्हती, पण तिला कोणी विचारलेही नव्हते.

एअर इंडिया २०२२ साली पुन्हा टाटांकडे गेली. तिचा चित्रसंग्रह मात्र सरकारने राखून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे सोपविला. या संग्रहालयाची मुंबईची शाखा रीगल सिनेमाच्या चौकात, सर कावसजी जहांगीर सभागृहाच्या जुन्या इमारतीत आहे. प्रभाबाईंची चित्रे या संग्रहालयापाशी आहेत, परंतु प्रदर्शने बदलत असतात; तेव्हा सहलीस जाणाऱ्या वर्गाने त्या दिवशी काय टांगलेले आहे याची आधी चौकशी करावी. सोमवारी संग्रहालय बंद असते. तेथून जहांगीर आर्ट गॅलरी पायी पाच-सात मिनिटांवर आहे, व तेथे आजच्या चित्रकारांची चित्रे विनामूल्य पाहावयास मिळतात. मुलांनी बरोबर पेन्सिल व कागद न्यावा, आणि चित्रास बोट लावू नये.