पाच स्वरांचे गणगोत

मी व्यवसायाने बालरोगतज्ज्ञ. संगीतातला अधिकारी नव्हे. किंबहुना संगीताशी माझी पहिली ओळख झाली ती अपमानानेच. आठ-नऊ वर्षांचा असताना घरच्यांनी मला गायनाच्या वर्गात घातले. तिसऱ्याच आठवड्यात गुरुजींनी सर्वांदेखत ‘हा मुलगा बेसूर आहे’ असा निर्णय दिला आणि पुढची चाळीस वर्षे मी तो निमूटपणे मान्य केला. गाणे ऐकायचे, गुणगुणायचे मात्र नाही.

या निर्णयाबद्दल पहिली शंका आली ती दवाखान्यात. आमच्या हैदराबादेत सर्व भाषांच्या माता बाळांना घेऊन येतात. लस टोचल्यावर रडणाऱ्या बाळाला एक तेलुगू आई गुणगुणून शांत करीत होती. मला तो भूप वाटला. विचारले, तेव्हा ती म्हणाली, “मोहनम्, डॉक्टरसाहेब.” कर्नाटक संगीतातील मोहनम् आणि आपला भूप यांचे स्वर एकच : सा, रे, ग, प, ध. पुढे कळले की, आपला मालकंस तो तिकडचा हिंदोळम् आणि आपला दुर्गा तो शुद्ध सावेरी. तेव्हापासून या पाच स्वरांची सोयरीक शोधण्याचा छंदच जडला.

पाचच स्वर का?

पाच स्वरांच्या रागाला आपल्या शास्त्रात ‘औडव’ म्हणतात. हे पाच स्वर सापडतात कसे, ते साध्या गणिताने समजते. षड्जाची कंपने सेकंदाला २४० मानली, तर त्यांची दीडपट ३६० हा पंचम. पंचमाची दीडपट ५४०. ती सप्तकात आणण्यासाठी निम्मी केली की २७०, म्हणजे रिषभ. त्याची दीडपट ४०५, म्हणजे धैवत. धैवताची दीडपट करून निम्मी केली की सुमारे ३०४, हा गांधार. चार पावलांत भूप तयार होतो. पाचवे पाऊल टाकले की ४५६च्या आसपास निषाद येतो आणि तो ४८०च्या तार षड्जाला अगदी खेटून बसतो. अर्ध्या स्वराचे अंतर येथे प्रथमच उपस्थित होते.

हेच गणित चीनमधील ‘ग्वानझी’ या प्राचीन ग्रंथात आढळते. ८१ या संख्येत तिचा तिसरा हिस्सा मिळवावा, आलेल्या संख्येतून तिसरा हिस्सा वजा करावा, असे आळीपाळीने केले की ८१, १०८, ७२, ९६, ६४ हे पाच स्वर मिळतात. चिनी परंपरेत यांपैकी कोणत्याही स्वराला आधार मानून नवी स्वरमालिका उभी राहते. आपण यालाच मूर्च्छना म्हणतो.

वाचकांनी घरच्या हार्मोनियमवर हा प्रयोग अवश्य करून पाहावा. फक्त काळ्या पट्ट्या वाजवाव्यात. काळी तीन हा षड्ज धरला तर भूपाचे स्वर मिळतात, काळी चार धरली तर मधमाद सारंगाचे, काळी पाचवर मालकंसाचे, काळी एकवर दुर्गाचे आणि काळी दोनवर धानीचे. पट्ट्या त्याच, केवळ घर बदलले.

या कुटुंबाची माणसे दूरदूर पसरली आहेत. स्कॉटलंडचे ‘ऑल्ड लँग साइन’ पाच स्वरांतच फिरते. रवींद्रनाथांनी त्या चालीवर ‘पुरानो सेई दिनेर कथा’ रचले. मात्र जगातले सारे पंचस्वर एकच आहेत, असे समजू नये. जपानच्या मियाको-बुशी स्वरमालिकेत अर्धस्वर आहेत. ती आपल्या गुणकलीची बहीण शोभेल. जावा बेटावरील स्लेंद्रोमध्ये सप्तकाचे जवळजवळ समान पाच भाग केलेले असतात. शिवाय स्वर म्हणजे राग नव्हे. भूप आणि देशकार यांचे स्वर तेच, पण चलन आणि प्रकृती निराळी. कानाने पाया दिला. घर ज्याने त्याने आपल्या रीतीने बांधले.

कान आणि मूल

डॉक्टर म्हणून मला कानाचे कारण महत्त्वाचे वाटते. अगदी जवळचे दोन स्वर एकदम वाजले की अंतःकर्णातील बेसिलर पटलावर त्यांचे टापू एकमेकांत मिसळतात आणि खरखर जाणवते. हेल्महोल्ट्झ यांनी १८६३मध्ये या खरखरीचा विचार मांडला. प्लॉम्प आणि लेव्हेल्ट यांनी १९६५मध्ये तिची सांगड कानाच्या या मर्यादेशी घातली. भूपात अर्धस्वर नाही. त्यामुळे ही खरखर बरीच कमी होते.

बालशिक्षणात याचा उपयोग जर्मनीच्या कार्ल ऑर्फ यांनी केला. त्यांच्या मुलांसाठीच्या झायलोफोनच्या पट्ट्या काढता येतात. मध्यम आणि निषाद काढून ठेवले की मुलाने कोठेही काठी मारली तरी चूक म्हणावे असे काही घडत नाही. हंगेरीचे झोल्टान कोदाय यांनीही लोकगीतांच्या आधारे हाच आग्रह धरला : लहान मुलांना अर्धस्वर अवघड जातात, म्हणून आधी पाच स्वर द्यावेत.

‘मुलगा बेसूर आहे, गाण्याला घालावे की नको?’ असे पालक विचारतात, तेव्हा मी प्रथम श्रवणचाचणी करून घेतो. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या मध्यकर्णात द्रव साठतो, ऐकू कमी येते, आणि शिक्षकांना ते दुर्लक्ष किंवा बेसूरपणा वाटतो. कान निर्दोष असतील तर सांगतो, वर्षभर त्याला पाच स्वरांत खेळू द्या. निकाल देण्याची घाई नको.

माझ्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत असाच दोन पट्ट्या काढलेला झायलोफोन ठेवला आहे. मुले त्यावर मनसोक्त बडवतात आणि रांगेतली मंडळी तक्रार करीत नाहीत. मध्यंतरी रात्री दवाखाना बंद केल्यावर मी स्वतः त्यापुढे बसलो आणि चाळीस वर्षांनी भूपाचा आरोह म्हटला. धैवत थोडा उतरला होता. उरलेले चार बरे लागले.