लांगली, सुरंजान आणि कोल्चिसिन : विषबाधेची ओळख व कर्तव्य

वातरक्ताच्या तीव्र वेगात आधुनिक वैद्यक कोल्चिसिनची गोळी देते. हेच द्रव्य कडू सुरंजानात असते आणि भंडारा जिल्ह्यात पावसाळ्यात जंगलकाठी फुलणाऱ्या कळलावीच्या, म्हणजेच लांगलीच्या, नांगरासारख्या कंदातही असते. गोळी, चूर्ण व रानातला कंद वेगवेगळ्या हातांनी मिळाले, तरी शरीरात त्यांची मात्रा एकत्रच होते. म्हणून संधिशूलाच्या प्रत्येक रुग्णास तिन्हींविषयी विचारावे, असे आम्ही सुचवितो.

मात्राविचार : औषधमात्रा व विषमात्रा यांतील अंतर अत्यल्प आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत तासाभरात दिलेली एकूण १.८ मि.ग्रॅ. मात्रा ४.८ मि.ग्रॅ. इतकीच गुणकारी ठरली. उपद्रव मात्र पुष्कळ कमी झाले. वृक्क किंवा यकृत दुर्बल असल्यास, अथवा क्लॅरिथ्रोमायसिन, केटोकोनाझोल, व्हेरापामिल, सायक्लोस्पोरिन यांपैकी औषध चालू असल्यास नेहमीची मात्राही घातक ठरू शकते.

लक्षणे : हे विष पेशींचे विभाजन रोखते. म्हणून आतडे व अस्थिमज्जा यांवर प्रथम आघात होतो. पहिल्या दिवशी, बहुधा काही तासांनी, वमन, उदरशूल व पातळ जुलाब होतात. दुसऱ्या दिवसापासून आठवडाभरात रक्तदाब घटणे, वृक्काघात, हृद्गतीतील बिघाड, श्वासकष्ट, श्वेतकण व बिंबाणू घटणे ही लक्षणे दिसतात. वाचलेल्या रुग्णाचे केस पुढे गळतात. जुलाब थांबले म्हणजे धोका टळला, हा समज सर्वांत घातक होय. या जुलाबांस अजीर्ण किंवा शोधनाचा परिणाम समजून रुग्णास घरी पाठवू नये.

चिकित्सा : सर्वत्र उपलब्ध असा प्रतिविषाचा उपाय नाही. १९९५ साली फ्रान्समधील एका रुग्णेत विशिष्ट प्रतिपिंड यशस्वी ठरले, परंतु ते बाजारात नाहीत. रक्तशुद्धीकरण यंत्राने हे विष फारसे निघत नाही. म्हणून लवकर दिलेला सक्रिय कोळसा, शिरेतून द्रव, श्वसन व रक्ताभिसरणास आधार, रक्तघटक आणि श्वेतकणवर्धक औषधे हाच मार्ग आहे. कृत्रिम वमन करवू नये. संशय येताच रुग्णास जिल्हा सामान्य रुग्णालयात न्यावे, तेथून आवश्यकतेनुसार नागपूरच्या अतिदक्षता विभागात. सोबत गोळीचे पाकीट, चूर्ण किंवा कंद, तसेच सेवनाची वेळ व मात्रा द्यावी.

औषधालयांस सूचना : लांगली उपविष आहे. औषध नियमांच्या अनुसूची ‘ई-१’ मध्ये तिचा समावेश असून, तीयुक्त पोटात घ्यावयाच्या औषधाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीची सूचना बंधनकारक आहे. कंद कुलुपात, वेगळ्या चिठ्ठीसह ठेवावा. गोमूत्रशोधनाने विष सर्वस्वी नष्ट होते असे धरू नये. कोल्चिसिन चिठ्ठीविना देऊ नये.

रुग्णाने काय घेतले, हा एक प्रश्न वेळेवर विचारला, तरी प्राण वाचू शकतो.