एका वाक्याचा मताधिकार

'प्रौढ मताधिकार' हा शब्द नागरिकशास्त्राच्या पुस्तकात आपण एका दमात वाचून पुढे जातो. स्वतंत्र भारतात १९५१-५२ च्या पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत तो सर्वांना मिळाला. मॉरिशस बेटावर मात्र तो टप्प्याटप्प्याने आला, आणि त्यातला एक टप्पा पाटी-पेन्सिलीचा आहे.

मॉरिशस १८१० पासून इंग्रजांच्या ताब्यात होते. गुलामगिरी बंद होण्याच्या सुमारास, १८३४ पासून, उसाच्या मळ्यांसाठी भारतातून करारबद्ध मजूर नेले गेले. सारे मिळून सुमारे साडेचार लाख. त्यांत भोजपुरी बोलणारे पुष्कळ, पण रत्नागिरीकडची माणसेही मुंबई बंदरातून गेली. त्यांच्या वंशजांची तेथील ओळख आजही 'मराठी' हीच आहे.

१८८५ च्या राज्यघटनेने निवडणुका आल्या. पण मत कोणाला? ज्याच्याकडे मालमत्ता किंवा ठरावीक उत्पन्न त्यालाच. पुढे लोकसंख्या चार लाखांवर गेली तरी मतदार बारा हजारांच्या आतच राहिले. १९३७ साली मळ्यांवर असंतोष पेटला, गोळीबार झाला, मजूर मेले. त्यानंतर कुठे सरकारला जाग आली.

१९४७ च्या नव्या राज्यघटनेने अट बदलली. बेटावर प्रचलित असलेल्या भाषांपैकी एकीत साधे वाक्य वाचता-लिहिता येईल त्या प्रौढ स्त्री-पुरुषाला मत मिळणार होते. वासुदेव विष्णुदयाल आणि त्यांच्या स्वयंसेवकांनी गावोगावी हिंदीचे वर्ग चालवले. गावच्या 'बैठका' म्हणजे तेथील सायंशाळाच. दिवसभर ऊस तोडलेली माणसे तेथे अक्षरे गिरवू लागली. मतापुरते शिकणे हे काय शिक्षण, असे कोणी म्हणेल. म्हणो बापडे! १९४८ च्या निवडणुकीत मतदारांची संख्या सत्तर हजारांवर गेली आणि मजुरांच्या घरांतील माणसे विधिमंडळात बसली. १९५९ मध्ये साक्षरतेची अटही गेली.

पुढचा प्रश्न अधिक अवघड होता. आपण सारे एक राष्ट्र आहोत का? संख्येने मोठ्या हिंदू समाजाचे राज्य होईल, ही धास्ती इतर समाजांतील अनेकांना होती. १९६७ च्या निवडणुकीत शिवसागर रामगुलाम यांची स्वातंत्र्यवादी आघाडी जिंकली खरी, पण शंभरातील चाळीसहून अधिक मते विरोधात पडली. १९६८ च्या जानेवारीत दंगली उसळल्या, ब्रिटिश सैनिक बोलवावे लागले; आणि १२ मार्चला बेट स्वतंत्र झाले.

कोणताही समाज सभागृहाबाहेर राहू नये म्हणून निवडून आलेल्या ६२ सभासदांखेरीज आठ जागा ठेवल्या गेल्या. पराभूत उमेदवारांपैकी ज्यांचा समाज कमी पडला असेल, अशांना त्या मिळतात. यामुळे अल्पसंख्याकांची भीती ओसरली, हे मान्य करायला हवे. परंतु त्यासाठी प्रत्येक उमेदवाराला अर्जावर आपला समाज लिहावा लागे : हिंदू, मुस्लिम, चिनी किंवा 'सर्वसाधारण'. 'मी फक्त मॉरिशियन' असे म्हणणाऱ्याचा अर्ज बाद होई. काही तरुण उमेदवार या अटीविरुद्ध संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीपर्यंत गेले. २०१२ मध्ये समितीने त्यांच्या बाजूने मत दिले, आणि २०१४ च्या निवडणुकीपुरती ती अट शिथिल करण्यात आली.