साथ आली तरी भेटीचा आदेश कायम

वाचकांचे प्रश्न : कायदा

प्रश्न : माझे माहेर काशीचे, दुर्गाघाटावरचे. घटस्फोटानंतर सात वर्षांच्या मुलीला घेऊन मी इथेच राहते. तिचे वडील पुण्यात असतात. पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयाच्या आदेशानुसार दिवाळीच्या सुट्टीत दहा दिवस ती त्यांच्याकडे राहायची आहे. सध्या तिच्या वर्गात फ्लू पसरला आहे आणि कालपासून तिलाही ताप आहे. ‘तिकिटं काढली आहेत, न्यायला येतोय. नाही पाठवलंस तर कोर्टात भेटू,’ असा त्यांचा निरोप आहे. मी नकार देऊ शकते का? — एक आई, वाराणसी

उत्तर : ‘पाठवणार नाही’ एवढेच या आईने कळवले, तर अडचणीत तीच येईल. ‘आत्ता ताप आहे, बरी झाली की अमुक तारखेला या’ असे तिने लेखी कळवले, तर तिची बाजू भक्कम राहील.

साथ पसरली म्हणून ताब्याचा किंवा भेटीचा आदेश आपोआप थांबत नाही. १८९७ चा साथरोग कायदा सरकारला प्रवाशांची तपासणी करण्याचे, रुग्णांना वेगळे ठेवण्याचे अधिकार देतो. विभक्त आईवडिलांमध्ये मुलांच्या भेटी कशा व्हाव्यात, याबद्दल त्यात अवाक्षर नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा देशभरातल्या हजारो घरांपुढे हाच पेच उभा राहिला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. ‘तनुज धवन’ या प्रकरणात ३० एप्रिल २०२० रोजी न्यायालयाने सांगितले की, प्रत्यक्ष भेट शक्य नसेल तेथे आईवडिलांनी आपसांत ठरवून फोन किंवा व्हिडिओ कॉलवर भेट घडवावी आणि ज्याची तक्रार असेल त्याने संबंधित कौटुंबिक न्यायालयाकडे जावे. भेट रद्द झाली असे न्यायालय म्हणाले नाही. भेटीची रीत तेवढी बदलली.

त्याआधी, २० जानेवारी २०२० रोजी, ‘यशिता साहू विरुद्ध राजस्थान सरकार’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने एक मोलाची गोष्ट मांडली होती. मूल ज्याच्याजवळ राहत नाही, त्या पालकाला भेटीच्या हक्काबरोबर संपर्काचाही हक्क असावा. रोज पाचदहा मिनिटे का होईना, मुलाशी बोलता यावे. विशेषतः आईवडील वेगवेगळ्या राज्यांत किंवा देशांत असतील तर. वाराणसी आणि पुणे यांच्यातले अंतर पाहता हा निकाल या आईच्या आणि वडिलांच्या, दोघांच्याही वकिलांनी वाचायला हवा.

आता प्रत्यक्षात काय करायचे? आजच बालरोगतज्ज्ञाकडून चिठ्ठी घ्यावी: ताप कधीपासून, प्रवास किती दिवस टाळावा. चिठ्ठीचा फोटो वडिलांना त्याच दिवशी पाठवावा, सोबत सुट्टीतल्याच किंवा नाताळच्या सुमाराच्या पर्यायी तारखा द्याव्यात आणि रोजच्या व्हिडिओ कॉलची वेळ ठरवून ती पाळावी. मुलगी बोलत असताना पलंगाच्या पायथ्याशी उभे राहून तिला उत्तरे सुचवू नयेत. हे सांगावे लागते, कारण टाळेबंदीतल्या किती तरी कॉलमध्ये मूल पडद्यावर दिसत होते आणि बोलत मात्र दुसरेच कोणी होते.

आदेश मोडल्याचा आरोप झालाच, तर न्यायालय पाहते ते एवढेच की अवज्ञा जाणूनबुजून होती का. न्यायालय अवमान कायदा, १९७१ नुसार शिक्षा सहा महिन्यांपर्यंत साधी कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तापाने फणफणलेल्या मुलीला घरी ठेवणे हा अवमान ठरणे कठीण. बरी झाल्यावरही ‘साथ आहे ना अजून’ म्हणत महिनोन्‌महिने टाळणे मात्र सहज ठरू शकते.

साथ लांबली तर वाट पाहत बसू नये. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ नुसार मुलांबद्दलचा आदेश न्यायालय वेळोवेळी बदलू शकते, काही काळ स्थगितही ठेवू शकते. ताब्याचा आदेश कायमचा नसतो, परिस्थिती बदलली की तो बदलता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ च्या ‘रोझी जेकब’ प्रकरणापासून सांगितले आहे. बदलाचा अर्ज पुण्याच्याच न्यायालयात करणे शहाणपणाचे, कारण मूळ आदेश तिथला आहे. मूल जिथे नेहमी राहते तिथल्या न्यायालयात नवा अर्ज करण्याची वाट १८९० च्या पालक व पाल्य कायद्याचे कलम ९ उघडे ठेवते, म्हणजे वाराणसीचे परिवार न्यायालयही आहेच. पण एका मुलीसाठी दोन शहरांत दोन दावे लढवण्यात पैसा जातो आणि शेवटी दोन न्यायालयांचे दोन वेगळे आदेश हातात पडण्याची भीती असते.

वडिलांबद्दलही थोडे. ते पुण्यात राहतात, तेव्हा २००९ त्यांना आठवत असेल. जागतिक आरोग्य संघटनेने ११ जूनला स्वाइन फ्लूची महासाथ जाहीर केली आणि ३ ऑगस्टला पुण्यात चौदा वर्षांच्या एका शाळकरी मुलीचा मृत्यू झाला. या साथीतला तो देशातला पहिला बळी. शाळा बंद झाल्या, चित्रपटगृहे बंद झाली. फ्लू मुलांच्या बाबतीत हलक्यात घ्यायची गोष्ट नाही, हे पुण्याइतके कोणत्या शहराला कळले असेल? तापातल्या मुलीला ज्ञानगंगा एक्स्प्रेसच्या डब्यात एका दिवसाहून अधिक वेळ बसवणे तिच्यासाठी वाईट आणि समोरच्या बाकावरच्या प्रवाशांसाठीही. त्यांनी तेच तिकीट वापरून काशीला यावे, मुलगी बरी होत असताना घाटाजवळच्या घरात किंवा हवेशीर गच्चीवर तिला भेटावे. आईने त्याला आडकाठी करू नये. त्यांना स्वतःलाच ताप असेल, तर तारीख पुढे ढकलण्याची जबाबदारी त्यांची.

आणि मुलगी पुण्याला जाईल तेव्हा तिच्या पिशवीत एक कागद असावा: वजन, ॲलर्जी, कोणते औषध, शेवटचा डोस किती वाजता. हा कागद कायद्याने सांगितलेला नाही, तरी या स्तंभाचा त्याच्यासाठी आग्रह आहे. आपल्याकडे लहान मुलांचे पॅरासिटामॉलचे सिरप पाच मिलिलिटरला १२० मिलिग्रॅमचे मिळते आणि २५० मिलिग्रॅमचेही. दोन घरांत दोन बाटल्या असतात, आणि ‘एक चमचा दे’ या फोनवरच्या वाक्यात डोस दुप्पट होऊन जातो. घरातली ॲस्पिरिन तर फ्लूच्या तापात मुलांना द्यायचीच नाही.

प्रश्न : साथीत माझ्या मुलाच्या भेटी बंद पडल्या. नोकरीही अर्ध्या पगारावर आली. भेट नाही तर पोटगी का द्यायची? — एक वडील, ठाणे

उत्तर : कारण पोटगी मुलाच्या जेवणाची आणि शाळेच्या फीची असते, भेटीचे ते भाडे नव्हे. दोन्ही आदेश स्वतंत्र आहेत. एकाचा भंग झाला म्हणून दुसरा मोडता येत नाही. आईलाही हेच लागू: पोटगी थकली म्हणून भेट अडवता येत नाही.

पगार खरोखर घटला असेल, तर रक्कम परस्पर कमी न करता बदलाचा अर्ज करावा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खालचा आदेश असेल, तर बदलाची सोय कलम १४६ मध्ये आहे. सोबत पगाराच्या पावत्या लागतील. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून सुरू झालेल्या ‘रजनेश विरुद्ध नेहा’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी दोन्ही बाजूंना उत्पन्न आणि मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र देणे बंधनकारक केले. बुडालेल्या भेटी आपोआप भरून मिळत नाहीत, पण त्या बदल्यात सुट्टीतले जास्तीचे दिवस मागता येतात. बुडालेल्या प्रत्येक तारखेची नोंद असली तर मागणीला वजन येते.

प्रश्न : लेक आणि नातू माझ्याजवळ राहतात. जावई वेगळा राहतो, फारसा येत नाही. साथीत लेकीला इस्पितळात ठेवावे लागले तर नातू कोणाकडे? तिने मृत्युपत्रात माझे नाव लिहिले तर चालेल का? — एक आजी, ब्रह्माघाट, वाराणसी

उत्तर : आई इस्पितळात गेली म्हणून तिचा ताबा संपत नाही. नातू आजीकडे राहू शकतो. आईने तसे आधीच लिहून ठेवावे, त्यात डॉक्टर आणि शाळेसाठी आजीचे नाव असावे आणि जावयालाही कळवून ठेवावे. लपवून ठेवले की संशय वाढतो.

मृत्युपत्राचे उत्तर या आजींना आवडणार नाही. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार वडील हयात आणि पालक म्हणून पात्र असतील, तर आईने मृत्युपत्रात नेमलेला पालक त्यांच्यापुढे टिकत नाही. मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेले ‘तेजस्विनी गौड’ प्रकरण इथे पाहण्यासारखे आहे. त्यात वडील गंभीर आजारी होते, आईलाही असाध्य आजार झाला आणि बाळ मावश्यांकडे वाढत होते. आई गेली, वडील बरे झाले आणि त्यांनी बाळ मागितले. मावश्यांनी जीव लावून सांभाळले होते, यात शंका नव्हती. तरीही ६ मे २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ताबा वडिलांना दिला आणि आईच्या माणसांना भेटीची मुभा ठेवली.

याचा अर्थ आजीच्या हाती काही नाही, असा मुळीच नाही. १९५६ च्या त्याच कायद्याच्या कलम १३ मध्ये मुलाचे हित सर्वांत वर आहे. जावयाने वर्षानुवर्षे विचारपूस केली नसेल, तर शाळेच्या पावत्या, लसीकरणाचे कार्ड, दवाखान्याची कागदपत्रे न्यायालयात बोलतात. १९१८ च्या फ्लूत हिंदी कवी निराला यांची पत्नी माहेरी, डलमऊला वारली, ते पोहोचेपर्यंत सारे संपले होते आणि त्यांची लहानगी सरोज आजोळीच वाढली. तेव्हा आजोळ हा एकच आधार होता. आज आजीला स्वतः अर्ज करून पालकत्व किंवा निदान भेटीचा हक्क मागता येतो.

वकिलाची फी परवडत नसेल तर कचहरीतल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ नुसार स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. या मोफत विधी सेवेची हेल्पलाइन १५१०० आहे. साथीच्या धामधुमीत मुलाजवळ जबाबदार माणूस कोणीच उरले नाही, अशी वेळ आली तर फोन १०९८ वर करावा.